धुऱ्यावरचा कांचन

माझ्या जिभेला एक वाईट खोड आहे. समोरचा काही चुकीचं बोलला की ते दुरुस्त केल्याशिवाय मला घास उतरत नाही. परभणीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी कित्येक वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे ही खोड म्हणजे नोकरीचाच भाग आहे, अशी मी स्वतःची समजूत घालून ठेवली होती. शेजारच्या वहिनी कुंपणालगतच्या उंच सरळ झाडांना मोठ्या कौतुकानं अशोक म्हणायच्या. मी एकदा त्यांच्याच घरी, त्यांचाच चहा पिता पिता सांगितलं की हा खोटा अशोक, खरा वेगळा, त्याला केशरी फुलांचे गुच्छ येतात. तेव्हापासून त्यांच्या दारातला कढीपत्ता मला मिळत नाही.

दसरा जवळ आला की माझ्या खोडीला ऊतच यायचा. स्टेशनबाहेर, बाजारात, जिथं जागा मिळेल तिथं आसपासच्या गावांतले लोक आपट्याच्या फांद्यांचे ढीग घेऊन बसतात. त्यातल्या अर्ध्याअधिक ढिगांत आपटा नसतोच, कांचन असतो. दोन्हींचं पान सारखंच, मधोमध चिरलेलं, गाईच्या खुरासारखं. दोन्ही झाडं शेंगांच्या कुळातली, शास्त्रातलं पहिलं नावही दोन्हींचं एकच. पण आपट्याचं पान लहान, जाड, खरखरीत. कांचनाचं मोठं, मऊ, चांगलं तळहाताएवढं. आपट्याची फुलं बारीक आणि फिकट, कुणाच्या लक्षातही न येणारी. कांचनाची फाल्गुनात फुलतात, गुलाबी-जांभळी, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतील अशी. हे सगळं मी गिऱ्हाइकांच्या हातातली पानं काढून घेऊन त्यांना सांगितलेलं आहे. एका विकणाऱ्या बाईनं तर मला हात जोडले होते. "ताई, लोकं सोनं म्हून घ्यायलेत. तुमी जावा ना म्होरं." तो किस्सा मी वर्गात सांगायचे आणि मुलं हसायची.

वर्गात मी आणखी एक गोष्ट सांगायचे. आपटा आणि कांचन ज्या वंशात येतात त्या वंशाला जुन्या काळातल्या दोन सख्ख्या भावांचं आडनाव दिलेलं आहे. दोघंही वनस्पतींचे अभ्यासक. पानाच्या फाका दोन आणि देठ एक, म्हणून. हे मी दरवर्षी सांगत आले आणि सांगताना मला एकदाही माझ्या घरातले दोन भाऊ आठवले नाहीत. इतकी मी हुशार.

आमचं गाव सेलू तालुक्यात, देवगाव फाट्यावरून आत. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचे थोरले भाऊ ते मोठेबाबा. दोघांच्या वाटण्या आजोबांच्या हयातीतच झाल्या, कसलीही कुरकुर न होता. दोन शेतांच्या मधे धुरा, म्हणजे बांध, आणि धुऱ्यावर आपट्याचं एक जुनं झाड. दिसायला काही नव्हतं ते. वाकडं खोड, काळपट भेगाळलेली साल, उन्हाळ्यात तर नुसत्या काटक्या. पण आमच्या गल्लीचं सोनं त्या झाडाचं. दसऱ्याला दुपार कलली की दोघं भाऊ मिळून फांद्या तोडायचे. शिलंगणाहून परत आले की अण्णा पहिलं पान मोठेबाबांच्या हातात ठेवून पाया पडायचे. मग मोठेबाबा दुसरं पान अण्णांच्या टोपीत खोचायचे, घटातल्या पिवळ्या कोंबांच्या शेजारी. अण्णांचे केस पांढरे झाले तरी त्या वेळी ते डोकं वाकवून लहान पोरासारखे उभे राहायचे. आम्ही पोरी त्यांची नक्कल करायचो.

ते झाड जेसीबीनं काढलं.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून अण्णा आठवडाभर माझ्याकडे परभणीला होते. ट्रॅक्टर वळवायला अडचण होते म्हणून मोठेबाबांच्या मुलानं तेवढ्यात धुरा सरळ करून घेतला. आई-अण्णांना गावी सोडायला मीच गेले होते. शेतात गेलो तर झाड मुळं वर करून पडलेलं, पानं अजून हिरवी. मोठेबाबा शेजारी उभे होते. झाड काढलं तेव्हाही ते तिथंच होते, हे नंतर कळलं. "पोरानं काढलं. मी काय करू?" एवढंच ते म्हणाले. चुकलं असं म्हणाले असते तर अण्णा तिथल्या तिथं विरघळले असते, माझे वडील मेणाहून मऊ. पण मोठेबाबांच्या तोंडातून तो शब्द आयुष्यात कधी निघाला नाही.

अण्णा तडक गावात आले. मारुतीच्या पारावर गल्लीतली माणसं बसली होती, त्यांच्यासमोर उभे राहिले. "ऐकून घ्या समदे. त्या धुऱ्यावर पुन्यांदा आपटा उभा ऱ्हाईल, त्याचं पान दादाच्या हातानं माझ्या हातात पडंल, तवाच तो माझा भाऊ. तवर न्हाई." मोठेबाबा मागून आले होते. त्यांनी सगळं ऐकलं, पायातल्या चपला तशाच ठेवून, शब्द मान्य असल्यासारखा पाराला हात लावला आणि घरी निघून गेले.

हेच अण्णा घरात बोलले असते तर दोन दिवसांत विरून गेलं असतं. नवऱ्याचे असले शब्द आईनं आयुष्यभर चुलीत घातले होते. पण पारावर बोललेलं चुलीत घालता येत नाही. ते सगळ्यांचं होऊन बसतं आणि मग सगळे मिळून त्याची राखण करतात.

मग सात वर्षं दोघं भाऊ बोलले नाहीत. भांडण म्हणावं असंही काही नव्हतं. शिव्या नाहीत, कोर्ट नाही, शेजारच्या शेतात पाणी सोडणं नाही. नुसता अबोला. देवगाव फाट्याला जायचं तर दोघंही एकाच जीपची वाट बघत उभे राहायचे, एक रस्त्याच्या या अंगाला, दुसरा त्या अंगाला, आणि जीप आली की जो नंतर आलेला असेल तो ती सोडून द्यायचा. म्हणजे नंबरसुद्धा न बोलता पाळायचे. मोठेबाबांच्या नातीच्या लग्नात अण्णा दिवसभर शेतात वाजंत्री ऐकत बसून राहिले आणि घरी येऊन जेवले नाहीत. दसऱ्याला त्यांनी टोपी घालणंच सोडलं. एकदा आई मला फोनवर म्हणाली, "भाऊ न्हाई म्हून दुःख असतं तर निभलं असतं गं. असून न्हाई, त्याचं काय करावं?"

झाड काढल्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात मोठेबाबांनी धुऱ्यावर रोप लावलं. आईनंच सांगितलं. मुलाला परभणीला पाठवलं होतं, त्यानं रस्त्याकडेच्या कुठल्याशा नर्सरीत दसऱ्याचं झाड मागितलं आणि पिशवीतलं एक रोप आणलं. मोठेबाबांनी स्वतः खड्डा खणला, बाभळीच्या फांद्यांचं कुंपण केलं. गुडघे गेलेला माणूस, पण उन्हाळ्यात दिवसाआड विहिरीवरून तेलाच्या डब्यानं पाणी न्यायचा. मुलाला म्हणायचा, तू हात लावू नको. अण्णा शेजारच्याच शेतात असायचे आणि त्या दिशेला मान वळवायचे नाहीत. निदान मला तसं सांगण्यात आलं होतं.

दर फोनमधे आई झाडाची उंची सांगायची. कमरेएवढं झालं. खांद्याला लागलं. पुरुषभर झालं. मला फार बरं वाटायचं, पण मी ते बघायला कधी गेले नाही. गावी जाणं व्हायचं सणापुरतं, आणि मोठेबाबांच्या धुऱ्याकडे जायचं म्हणजे अण्णांना काय वाटेल, हा प्रश्न. गेले असते तर लांबूनच ओळखलं असतं. ओळखून गप्प बसले असते का? नसते. पण निदान एकटीनं अण्णांना सांगितलं असतं. गल्लीला नाही.

सातव्या वर्षी दसऱ्याच्या आधी मोठीमाय, म्हणजे मोठेबाबांची बायको, पिठाच्या गिरणीत आईला भेटली. इकडंतिकडं बघून म्हणाली, "औंदा हे सोनं घिऊन यायलेत तुमच्याकडं." आईनं हे घरी येऊन अण्णांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी करून घेतली आणि ट्रंकेतून टोपी काढून आईला धुवायला दिली.

खरं तर लहान भावानं थोरल्याकडे जायचं असतं. थोरला धाकट्याच्या दारात सोनं घेऊन येतो, असं आमच्या गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं. त्यामुळे त्या संध्याकाळी माणसं शिलंगणाहून परत आली ती आपापल्या घरी न जाता आमच्या ओट्याच्या आसपास घुटमळत राहिली. कुणी सोयाबीनच्या भावाचं बोलत होतं, कुणी उगाच गाडीला किक मारून बंद करत होतं. अण्णा शिलंगणाला गेलेच नव्हते. दुपारपासून धोतर-टोपी घालून ओट्यावर बसले होते. त्यांनी आईला तीनदा विचारलं, पुरणाच्या पोळ्या किती केल्यास म्हणून.

मोठेबाबा काठी टेकत आले. किती थकले होते! मी त्यांना दोन वर्षांत जवळून पाहिलं नव्हतं. उपरण्यात गुंडाळलेली एक डहाळी त्यांनी बाहेर काढली, एक पान तोडलं आणि पुढं धरलं. "घे," म्हणाले. "धुऱ्यावरचं हाय."

अण्णा उठले. त्यांचा हात पुढे झाला. मी आईशेजारी ओवाळणीचं ताट घेऊन उभी होते, अण्णांच्या हातापासून फार तर दोन हातांवर. मी पान पाहिलं. मोठं होतं, मऊ होतं, चांगलं तळहाताएवढं.

"मोठेबाबा, हा आपटा नाही," मी म्हणाले. "कांचन आहे हा."

एवढ्यावर थांबले असते तरी एखादेवेळी कुणीतरी हसून वेळ मारून नेली असती. पण मी थांबले नाही. "पान बघा ना केवढं आहे. आपट्याचं लहान असतं, जाड असतं. नर्सरीवाल्यानं फसवलं तुम्हाला." वर्गात बोलते त्याच आवाजात, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. माझ्या मनात वाईट काही नव्हतं. काहीच नव्हतं, हीच त्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट आहे. चूक दिसली आणि तोंड उघडलं, इतकंच.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "बाई त्येच शिकवतेत कालेजात. त्यांला कळतंय."

अण्णांचा हात हवेत होता. तो त्यांनी मागं घेतला आणि धोतराला पुसला, काही लागलेलं नसताना. खाली बघत म्हणाले, "मी आपटा म्हणलो होतो."

"व्हय," मोठेबाबा म्हणाले. त्यांनी ते पान डहाळीसोबत पुन्हा उपरण्यात गुंडाळलं. वळता वळता माझ्याकडे बघून म्हणाले, "लय शिकलीस बाई." त्यात राग नव्हता. मी शाळेत पहिली आले होते तेव्हाही ते असंच म्हणाले होते. मग काठी टेकत निघून गेले आणि लोकांनी त्यांना वाट करून दिली.

त्या दिवशी पोळ्या कुणी खाल्ल्या नाहीत. आई माझ्यावर तुटून पडली. मी म्हणाले, "मी खरं तेच बोलले." आई म्हणाली, "खरं बोलायला तुला तुझ्या बापाचाच दसरा सापडला?" अण्णांनी टोपी काढून ट्रंकेत ठेवली आणि गोठ्यात जाऊन बसले.

परभणीला परतल्यावर मी काय केलं असेल? मला लाज वाटत होती, पण माझी लाजसुद्धा मास्तरणीची. मी कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत गेले आणि खात्री करून, पान न् पान तपासून, आपट्याचं रोप आणलं. कांचन काढून तिथं हे लावायचं, पाच वर्षं वाट बघायची, की झालं. चूक दुरुस्त. मी ते रोप गॅलरीत ठेवून रोज पाणी घालत होते आणि मनाला फार हलकं वाटत होतं.

मार्गशीर्षात मोठेबाबांच्या अंगावरून वारं गेलं. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. परभणीच्या दवाखान्यात आठ-दहा दिवस होते. मी तिथं गेले नाही. सुट्टी मिळाली नाही असं आईला सांगितलं, ते खोटं होतं. डॉक्टरांनी आता घरी न्या म्हणून सांगितलं. घरी आणल्यावर पंधरा-वीस दिवस ते होते. ते गेले त्या आठवड्याच्या सुरुवातीला, सोमवारी, मी गावी गेले. सोबत पिशवीत ते रोप.

मोठेबाबांच्या घरात मी सात वर्षांनी पाऊल टाकलं. ते खोलीत बाजेवर होते. मी दारातूनच पाहिलं आणि आत जायचं धाडस झालं नाही. मोठीमाय अंगणात तुरी पाखडत होती. तिनं पिशवीकडे पाहिलं.

"हे काय आणलंस गं?"

"आपट्याचं रोप. खऱ्या आपट्याचं. मोठेबाबांना सांग, नर्सरीवाल्यानं फसवलं होतं, आता मी..."

"त्यांला कुणी फसवलं न्हाई," मोठीमाय म्हणाली. सूप तिनं बाजूला ठेवलं. "त्यांला ठाऊक होतं."

मी पिशवी खाली ठेवली.

"दोन वर्सं झाली, फाल्गुनात कळ्या यायल्यात त्या झाडाला. पहिल्यांदा फूल उमललं तवाच हे घरी आले अन् म्हणले, अगं, कांचन निघाला की हा. मी म्हणलं, दुसरं लावा. तर म्हणले, दुसरं वाढंपर्यंत मी कुठं हाय. मग काय, रोज उजाडलं की जायचे अन् कळ्या खुडायचे. हात पुरंल तितक्या हातानं, वरच्या काठीनं पाडायचे. चांगला महिनाभर. मी म्हणलं, कामून असा जीव काढायलात? तर म्हणले, फूल दिसलं तर गाव बोलंल. गाव बोललं तर धाकट्याला घेता यायचं न्हाई." तिनं सूप पुन्हा उचललं. "पानाचं काय न्हाई, म्हणले. पान कोण निरखून बघतंय."

पानाला सोनं म्हणणाऱ्या माणसांच्या दारात उभी राहून मी त्यांना सांगितलं होतं की तुमचं पान खरं नाही.

मी रोप तिथंच टाकून आमच्या घरी पळत गेले. अण्णा ओट्यावर दोरी वळत बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, धापा टाकत, रडत. मोठेबाबांना ठाऊक होतं, ते कळ्या खुडायचे, तुमच्यासाठी खुडायचे. मला वाटलं होतं अण्णा दचकतील. त्यांनी दोरीचा पीळ सुटू नये म्हणून ती पायाच्या अंगठ्यात धरून ठेवली.

"मला ठाऊक हाय," ते म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"त्या झाडाला लागूनच माझी जवारी असती. मला काय डोळे न्हाईत? दोन फाल्गुन बघितलं मी त्याला कळ्या पाडताना. एकदा पडला तिथं, काठीसकट. मी उठवायला जाणार होतो. मग म्हणलं, गेलो तर त्याला कळंल मी बघितलं म्हून. पाठ करून बसलो. उठला तो आपला आपण."

"मग दसऱ्याला घेतलं का नाही?" मी ओरडलेच. "ठाऊक होतं तर घ्यायचं होतं ना अण्णा!"

"तू बोललीस ना," ते म्हणाले. मग दोरी खाली ठेवून म्हणाले, "न्हाई. तुझं काय. हात माझा होता. समदे बघायलेत, आता घेतलं तर माझा शबुद खोटा पडंल, असं आलं मनात. एवढंसं आलं. अन् हात मागं गेला." त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. अण्णांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं आणि तेव्हाही ते रडले नाहीत, पण त्यांचा चेहरा असा झाला की मीच दुसरीकडे बघितलं.

मग ते उठले. घरात जाऊन टोपी घालून आले. मला म्हणाले, "चल."

आम्ही आधी शेतात गेलो. हरभऱ्यातून चालत अण्णा धुऱ्यावर चढले आणि पहिल्यांदाच त्या झाडाला त्यांनी हात लावला. झाड चांगलं माजलं होतं, खोडाला अजून बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं. त्यांनी एक पान तोडलं. धुळीनं भरलेलं होतं, ते सदऱ्याला पुसलं. तिथून आम्ही मोठेबाबांच्या घरी गेलो. वाटेत अण्णा एकदाच बोलले, दारात चप्पल काढताना. "तिथं काई बोलू नको बाई."

मी मान हलवली.

खोलीत औषधांचा आणि तेलाचा वास होता. मोठेबाबा उताणे पडले होते, तोंड एका बाजूला ओढलेलं. उजव्या हाताची मूठ छातीवर घट्ट वळलेली होती, आजारानं वळते तशी. अण्णा बाजेशेजारी खाली बसले. "दादा," ते म्हणाले, "सोनं आणलंय." मोठेबाबांनी डोळे उघडले. त्यांनी अण्णांना ओळखलं. मी शपथेवर सांगते, ओळखलं. घशातून काहीतरी आवाज आला आणि डाव्या डोळ्यातून पाणी कानापर्यंत गेलं. मग गोधडीखालून त्यांचा डावा हात बाहेर आला, हळूहळू वर उचलला गेला आणि अण्णांपुढे उघडा होऊन थांबला.

"तो न्हाई दादा," अण्णा म्हणाले. "डाव्या हातात सोनं देतेत व्हय? उजवा. उजवा दे." आणि ते छातीवरच्या त्या मुठीची बोटं उघडायला लागले.

मी उशापाशी उभी होते. मला सगळं दिसत होतं. अण्णा, द्या ना, त्याच हातात द्या, एवढंच म्हणायचं होतं. पण मला बोलू नको असं सांगितलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी सांगितलेलं ऐकलं. अण्णांनी एक बोट उघडलं की दुसरं मिटायचं. ते पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे, अगदी हळुवारपणे, "उघड की दादा, उघड," असं म्हणत. डावा हात तसाच वर होता. तो थरथरायला लागला.

"ऱ्हाऊ द्या भावजी," मोठीमाय म्हणाली. "दुखत असंल त्यांला."

अण्णा थांबले नाहीत. ते त्या मुठीशीच वाकलेले होते, म्हणून त्यांना दिसलं नाही. मोठेबाबांनी डावा हात खाली घेतला आणि गोधडीच्या आत ओढून घेतला.